कुठले आपटे?

हरी नारायण आपटे आणि नारायण हरी आपटे हे बापलेक नव्हेत. एकदाचं ठामपणे सांगून टाकते, कारण आमच्या वाचनालयात येणाऱ्या पुष्कळ जाणत्या वाचकांचाही तसाच समज असतो, आणि समज व्हावा असंच सगळं जुळून आलेलं आहे. हरिभाऊ जन्मले १८६४ साली, खानदेशात पारोळ्याला. नारायण हरी जन्मले १८८९ साली, सांगलीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या समडोळीत. मध्ये पंचवीस वर्षं, म्हणजे बापलेकाला शोभेल असं अंतर. दोघेही कादंबरीकार. दोघांनी सामाजिक लिहिलं, दोघांनी ऐतिहासिक लिहिलं. हरिभाऊंनी कोवळ्या वयात लग्न होऊन पुढे विधवा झालेल्या मुलीचं दुःख तिच्याच तोंडून सांगितलं. नारायणरावांनी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेल्या तरुण मुलीचा नकार लिहिला. यातली एक गोष्ट दुसरीची धाकटी बहीण वाटावी, इतकी ती जवळची आहे.

आणि तरी समडोळीचे आपटे झाकले गेले. प्रभातचा १९३७ चा ‘कुंकू’ माहीत नाही असा माणूस आमच्या पिढीत सापडणार नाही. शांतारामबापूंचं दिग्दर्शन लोकांना आठवतं, शांता आपटेंची नीरा आठवते. पण तो चित्रपट ज्या कादंबरीवरून निघाला, ती ‘न पटणारी गोष्ट’ ना. ह. आपट्यांची, हे सांगितलं की समोरचा क्षणभर थांबतो आणि म्हणतो, “म्हणजे हरिभाऊ आपटे ना?” पडद्यावर आणखी एक आपटे असल्यामुळे गोंधळात भरच पडते. हरिभाऊ १९१९ सालीच गेले. ना. ह. त्यानंतर अर्धं शतक जगले, १९७१ पर्यंत. आयुष्याचा मोठा काळ त्यांनी साताऱ्याजवळ कोरेगावात काढला. तिथे बसून एक माणूस कादंबऱ्यामागून कादंबऱ्या लिहीत होता, त्या मराठी घराघरांत वाचल्या जात होत्या, त्यांवर चित्रपट निघत होते. आज त्याची कीर्ती दुसऱ्याच आपट्यांच्या खात्यावर जमा होते आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझं काम दाखल नोंदवहीचं. सांगलीकडच्या एका जुन्या वाचनालयात मी बरीच वर्षं ते सांभाळते आहे. पुस्तक आलं की त्याला क्रमांक द्यायचा, लेखकाचं नाव लिहायचं, कपाट ठरवायचं. जुन्या पुस्तकांची बांधणी पुन्हा केलेली असते. मूळ कव्हर कधीच गेलेलं असतं आणि बाइंडरने पाठीवर चिकटवलेल्या कागदी पट्टीवर पेनाने नाव लिहिलेलं असतं. अशाच एका खाकी कापडी पाठीवर मला नुसतं ‘आपटे’ दिसलं. त्याच्या आधीची अक्षरं बोटांच्या घामाने पुसली गेली होती. त्याच्यावर मागाहून कुणीतरी निळ्या शाईने ‘हरिभाऊ’ असं जोडलं होतं. आत शीर्षकपान उघडलं तर तिथे ठसठशीत टाइपात नारायण हरी आपटे. ते नाव गेली कित्येक वर्षं त्या पाठीखाली बंद होतं. पट्टी काढून नवी लावली, नाव पूर्ण लिहिलं, शेजारी कंसात ‘समडोळी’ लिहिलं. वाचनालयाच्या नियमात गाव लिहायची पद्धत नाही. मी लिहिते.

अशी उलटसुलट नावं तयार होतात ती आपल्या घरातल्या एका रिवाजातून. थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं. नारायणाचा मुलगा हरी, हरीच्या मुलाला पुन्हा नारायण. त्यामुळे एकाच घराण्यात ‘हरी नारायण’ आणि ‘नारायण हरी’ अशी जोडी पिढीआड फिरत राहते. घराणी वेगळी असली तरी देवाची नावं ठरावीक, त्यामुळे फिरणारी नावं तीच. राम, कृष्ण, विष्णू, गणेश, नारायण, गोविंद, केशव. एवढ्याच नावांत गेल्या शतकापर्यंतचं बरंचसं मराठी साहित्य बसलं आहे. म्हणून ‘हरी नारायण’ दिसला की त्याच आडनावाचा ‘नारायण हरी’ त्याचा मुलगा असणार, असं मराठी मनाला आपोआप वाटतं. वाटण्यात काही गैर नाही. रिवाज तसाच आहे.

याच रिवाजाची दुसरी बाजू मी माझ्या सासरी पाहिली. माझ्या सासूबाईंच्या सासऱ्यांचं नाव पांडुरंग. थोरल्या नातवाचं नाव अर्थातच पांडुरंग ठेवलं गेलं, आणि ज्या बाईने त्याला जन्म दिला तिलाच ते उच्चारता येईना. सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही. मग पोराचं झालं आप्पा. शाळेच्या दाखल्यावर पांडुरंग, गल्लीत आप्पा, म्हातारपणी आप्पासाहेब. सासूबाई पंढरपूरला गेल्या तरी देवळात “माउली, माउली” म्हणत. देवाचं खरं नाव ओठांवर येऊ द्यायच्या नाहीत.

मराठी नाट्यसृष्टीत आणि साहित्यात इतके अण्णा, बापू, तात्या, नाना, भाऊ का, याचं बरंचसं उत्तर अशा घरांतल्या सुनांपाशी आहे असं मला वाटतं. बळवंत पांडुरंग किर्लोस्कर हे अण्णासाहेब. ग. दि. माडगूळकर हे अण्णा आणि त्यांचे धाकटे भाऊ व्यंकटेश हे तात्या. वाटेगावचे तुकाराम भाऊराव साठे हे अण्णा भाऊ. ललितकलादर्श या नाटक मंडळीचे भालचंद्र पेंढारकर हेही अण्णाच. जन्मनावं एकमेकांपासून दूर आहेत, पण घरात मारलेल्या हाका सारख्या. पुढे कागदोपत्रीचं नाव मागे पडून कुणाकुणाची ती हाकच पुस्तकावर छापली गेली.

पेंढारकर निघालेच आहेत तर तो गुंता इथेच सोडवून घेते, कारण नाटक-सिनेमाची आवड असलेला माणूससुद्धा इथे हमखास अडखळतो. कोल्हापूरचे चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकर यांचं पाळण्यातलं नाव भालचंद्र. रंगभूमीवर गाणारे, ललितकलादर्शचे मालक असलेले पेंढारकर यांचंही नाव भालचंद्र. भालजींचे थोरले भाऊ बाबूराव पेंढारकर, हे चित्रपटातले नट. रंगभूमीवरच्या भालचंद्रांचे वडील बापूराव पेंढारकर, केशवराव भोसले १९२१ साली गेल्यावर ललितकलादर्शची धुरा ज्यांनी उचलली ते. भालचंद्र आणि भालचंद्र, बाबूराव आणि बापूराव. शिवाय बाबूराव पेंढारकर ज्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत वाढले, तिचे संस्थापक बाबूराव पेंटर. पेंटर हे त्यांचं आडनावही नव्हे. ते मूळचे मिस्त्री. पडदे रंगवता रंगवता काम हेच नाव झालं. आणि या सगळ्यांपासून वेगळे, साताऱ्याजवळच्या चाफळचे यशवंत दिनकर पेंढारकर, म्हणजे महाराष्ट्राने ‘कवी यशवंत’ म्हणून डोक्यावर घेतले ते. त्यांनी आडनाव बाजूला ठेवून नुसतं ‘यशवंत’ म्हणून लिहिलं, त्यात आणखी एक पेंढारकर वाढायचा वाचला.

यशवंतांच्या रविकिरण मंडळात, म्हणजे कवींच्या त्या गटात, आणखीही काहींनी घरचं आडनाव सोडून लिहिलं. साताऱ्यात जन्मलेले शंकर केशव कानेटकर ‘गिरीश’ झाले आणि पुढे सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात त्यांनी शिकवलं. माधव त्र्यंबक पटवर्धन ‘माधव जूलियन’ झाले. यशवंत आणि माधव जूलियन या दोघांनीही आईवर कविता लिहिली. दोन्ही पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या पाठ झाल्या, आणि एकीचा कवी दुसरीला चिकटवणं आजही थांबलेलं नाही. गिरीशांचे चिरंजीव म्हणजे नाटककार वसंत कानेटकर, जन्म १९२० सालचा, रहिमतपूरचा. त्यांना ललित निबंध लिहिणाऱ्या अनंत काणेकरांचे नातेवाईक समजणारे लोक मला भेटतात. मधला ‘ट’ ऐकू येत नाही म्हणून एक अख्खं घराणं बदलून जातं.

सांगली शहरात तर अशी एक जोडी आहे की, इथल्या माणसाने तरी ती चुकता कामा नये. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, जन्म सांगली, १८७२. विष्णु सखाराम खांडेकर, जन्म सांगली, १८९८. खाडिलकर आणि खांडेकर हे भरभर म्हणून बघा. पहिला नाटककार, केसरीतला लढाऊ पत्रकार, ज्याच्या ‘कीचकवधा’वर सरकारने बंदी घातली. दुसरा कादंबरीकार, शिरोड्याच्या शाळेतला मास्तर, मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळवून देणारा. खांडेकर जन्माने विष्णूही नव्हेत आणि सखारामाचेही नव्हेत. ते गणेश आत्माराम. दत्तक गेल्यावर नावही बदललं आणि बापाचं नावही. मला या गोष्टीचं फार वाटतं. पाळण्यातलं नाव सांगलीत ठेवून माणूस कोकणात गेला आणि दत्तकविधीत मिळालेलं नाव त्याने इतकं मोठं केलं की गणेश आत्माराम खांडेकर कोण, हे सांगलीतच कुणाला सांगता येत नाही. ‘वि. स.’ ही आद्याक्षरंसुद्धा त्यांच्या एकट्याची नाहीत. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, रोजगार हमीचे जनक म्हणून ओळखले जाणारे वि. स. पागे हे विठ्ठल सखाराम. मराठीतली ही आद्याक्षरांची सवय सुटसुटीत असेल, पण तिने माणसं एकमेकांवर घसरतात. मी नोंदवहीत आद्याक्षरं लिहीत नाही. जागा कमी पडली तर दुसरी ओळ घेते.

आता ‘कर’. आपल्याकडे निम्म्या लेखकांची ओळख या दोन अक्षरांत संपते असं बाहेरच्याला वाटेल. पण ‘कर’च्या अलीकडे एक गाव असतं, आणि ते गाव आजही एसटीच्या पाटीवर सापडतं. पुण्याहून साताऱ्याकडे येताना सातारा गाठायच्या आधीच महामार्गापासून जवळ मर्ढे लागतं. बा. सी. मर्ढेकरांचं घराणं मूळचं गोसावी. मर्ढ्याचे म्हणून मर्ढेकर. स्वतः ते जन्मले खानदेशात फैजपूरला, शिकायला विलायतेपर्यंत गेले, नोकरी केली आकाशवाणीत. मराठी कवितेला ज्या माणसाने मुंबईच्या गिरण्या, पिंपातले उंदीर आणि शहरी जगण्याची घुसमट दिली, त्याच्या नावात मात्र कृष्णाकाठचं हे लहानसं खेडं आहे. गावात त्यांचं स्मारक आहे. तिथे गेले तेव्हा मला त्यांच्या कवितेतलं काहीच आजूबाजूला दिसलं नाही. ऊस होता, पाण्याचा पाट होता, गाडीरस्ता होता. तरी मला तिथे जाणं गरजेचं वाटलं, कारण इतकी वर्षं मी ते नाव लिहीत होते आणि त्याचा पूर्वार्ध पाहिलेला नव्हता.

माडगुळ्याचं वेगळं. आटपाडी तालुक्यातल्या त्या गावाचं नाव दोन भावांनी घेतलं आणि दोघांनीही मोठं केलं. गदिमांचा जन्म तिथला नाही, आजोळी शेटफळ्याला १९१९ साली झाला. व्यंकटेशरावांचा १९२७ साली माडगुळ्यात. १९५५ साली थोरल्याचं ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवर सुरू झालं आणि त्याच साली धाकट्याची ‘बनगरवाडी’ पुस्तकरूपाने आली. एकाच वर्षी एकाच आडनावाने मराठी माणसाला अयोध्याही दाखवली आणि दुष्काळी माणदेशातली मेंढरंही. वाचनालयात ‘माडगूळकर द्या’ म्हणणाऱ्याला मी नेहमी विचारते, कुठले? म्हणजे गाणारे की सांगणारे? आणि मग ज्याने गाणारे मागितले त्यालाही मी सांगणाऱ्यांचं एखादं पुस्तक पुढे करते. चित्रंही व्यंकटेशरावांची फार चांगली असत, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

पलूसचं नाव संगीतातल्या माणसाने घेतलं. विष्णु दिगंबर पलुसकर जन्मले १८७२ साली कुरुंदवाडला. मूळ आडनाव गाडगीळ, गाव पलूस म्हणून पलुसकर. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. गुरूही गावाच्याच नावाचा. त्यांच्याच काळात हिंदुस्थानी संगीताला शिस्त लावणारे दुसरे विष्णू होते, विष्णु नारायण भातखंडे. दोन विष्णू, दोघांच्या दोन स्वरलेखन पद्धती, आणि संगीताच्या परीक्षेला बसलेली मुलं आजही कुठली खूण कुणाची यात गोंधळतात. खरं सांगायचं तर दोघांचे स्वभाव आणि मार्ग निराळे. भातखंडे वकिली सोडून ग्रंथांत आणि खाँसाहेबांच्या दारात चिजा गोळा करत हिंडले. पलुसकरांनी १९०१ साली थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, गाण्याला लोकांसमोर आणलं, गवयाला प्रतिष्ठा मिळवून दिली. ते १९३१ साली गेले तेही मिरजेतच.

किर्लोस्करांची कहाणी मला सगळ्यांत आवडते, कारण तिथे नाव उलटं वळलं. सिंधुदुर्गातलं किर्लोस हे गाव. तिथून घाट चढून वर गेलेले ते किर्लोस्कर. बेळगावकडच्या गुर्लहोसूरला स्थिरावलेल्या या मंडळींतून एक अण्णासाहेब निघाले, त्यांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणून संगीत नाटकाचं युग सुरू केलं. त्याच गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर नांगर बनवायला लागले. औंध संस्थानाच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, जे स्वतः चित्रकार होते, त्यांना कुंडलजवळच्या माळावर जागा दिली आणि १९१० साली तिथे कारखाना आणि वसाहत उभी राहिली. गावाला नाव पडलं किर्लोस्करवाडी. स्टेशनचं नाव आधी कुंडल रोड होतं, तेही पुढे किर्लोस्करवाडी झालं. किर्लोस गावाने माणसाला नाव दिलं होतं, माणसाने दुसऱ्या गावाला ते परत दिलं. त्याच वाडीतून पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक निघालं आणि महाराष्ट्रभर वाचलं गेलं. नाटकवाले किर्लोस्कर आणि नांगरवाले किर्लोस्कर एकच का, असं मला शाळेतली पोरं विचारतात तेव्हा मी त्यांना आधी नकाशा काढायला सांगते.

मात्र गाव सांगूनही भागत नाही, कारण गावांचीही नावं सारखी. बालगंधर्वांचं नागठाणे कुठलं? महामार्गावर साताऱ्याच्या पुढे एक नागठाणे आहे, मोठी बाजारपेठ आहे, तिथे गाडी थांबवून बालगंधर्वांचं घर विचारणारे लोक असतात. नारायण श्रीपाद राजहंसांचं नागठाणे ते नव्हे. ते कृष्णेकाठी, सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. म्हणजे पलुसकरांचं पलूस आणि बालगंधर्वांचं नागठाणे एकमेकांच्या शेजारी. एवढ्या लहान मुलखातून गाण्याची ही दोन नावं उगवावीत, याचा आम्हाला वाटतो त्याहून जास्त अभिमान वाटायला हवा. तसंच पठ्ठे बापूरावांचं रेठरे. कऱ्हाड तालुक्यात रेठरे बुद्रुक आणि रेठरे खुर्द, वाळवा तालुक्यात रेठरे धरण आणि रेठरे हरणाक्ष. बापूराव या शेवटच्या रेठऱ्याचे.

गंधर्व ही पदवी वारशाने मिळत नाही, त्यामुळे इथे गोत्र शोधायला जाऊ नये. लहानग्या नारायणाचं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी ‘बालगंधर्व’ म्हटलं, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. त्या नावाने असं काही वेड लावलं की पुढे प्रत्येक गुणी गळ्याला गंधर्व म्हणावंसं वाटू लागलं. कुंदगोळचे रामभाऊ सवाई गंधर्व झाले. सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यातल्या भाडळ्याचे सौदागर नागनाथ गोरे छोटा गंधर्व झाले. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली कुमार गंधर्व झाले. बाल, सवाई, छोटा, कुमार अशी उतरंड ऐकली की हे एकाच घरचे किंवा एकाच गुरूचे असावेत असं वाटतं. बालगंधर्व भास्करबुवा बखल्यांकडे शिकले. सवाई गंधर्व अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य आणि भीमसेनजींचे गुरू. कुमारांनी तर स्वतःची वाटच वेगळी केली. पलुसकरांच्या महाविद्यालयातलं ‘गांधर्व’ यांपैकी कुणावरूनही आलेलं नाही, ते गानविद्येचं जुनं नाव आहे. मला या चौघांत सगळ्यांत जास्त अन्याय छोटा गंधर्वांवर झालेला दिसतो. ‘छोटा’ म्हटल्यावर लोक आपोआप कुणाची तरी लहान आवृत्ती ऐकायला बसतात. त्यांचं सौभद्रातलं, मानापमानातलं गाणं एकदा नुसतं सौदागर गोरे या नावाने ऐकून बघावं. ती लडिवाळ तान, शब्दाला जराही धक्का न लावता घेतलेली हरकत दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही.

नाव घेतलेल्यांची गोष्ट आणखी खोल आहे. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी तमाशात गेले आणि पठ्ठे बापूराव झाले. त्या काळी ब्राह्मण घरातल्या माणसाने फडात उभं राहायचं म्हणजे जात, घर आणि नाव तिन्हींवर पाणी सोडायचं. त्यांच्या हजारो रसिकांना ‘कुलकर्णी’ ठाऊकच नव्हता. लावणीच्या शेवटी येणारी नाममुद्रा हीच त्यांची सही. उलट अण्णा भाऊंनी साठे हे आडनाव तसंच ठेवलं. साठे हे आडनाव महाराष्ट्रात एकमेकांशी रोटी-बेटीचा व्यवहार नसलेल्या समाजांत आहे. वाटेगावच्या मातंग कुटुंबातला तुकाराम ते घेऊन मुंबईला चालत गेला आणि ‘फकिरा’ लिहून त्याने त्या नावाचा अर्थ बदलला. आज कुणी नुसतं ‘साठे’ म्हटलं तर सांगलीत तरी डोळ्यांसमोर एकच चेहरा येतो. नामसाम्यात नेहमी वरच्याचाच जय होतो असं नाही, याचा हा पुरावा मला फार धीर देतो.

आणि कवलापूर. सांगलीच्या वेशीवरचं गाव. तिथले लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. नावं लव-कुशांची, आपल्या बायका ओव्यांत म्हणतात तशी लहू-अंकुश. तमाशात ते झाले काळू-बाळू. ‘जहरी प्याला’ वगातले दोन हवालदार म्हणून सगळ्या महाराष्ट्राने त्यांना पाहिलं. चेहरे सारखे, आवाज सारखे, नावं यमकातली. समोर बसलेल्या गर्दीला कोण काळू आणि कोण बाळू हे कळत नसे. त्यातूनच निम्मा विनोद व्हायचा. सारखेपणा लपवायचा, सोडवायचा, समजावून सांगायचा असतो असं मी वर म्हणत आले. या दोघांनी तो भाकरीसाठी आणि कलेसाठी उघडपणे वापरला.

वाईला विश्वकोशाचं काम चालतं. १९७६ साली पहिला खंड आला. त्यात माणसाची नोंद आडनावापासून सुरू होते, ‘आपटे, हरि नारायण’ अशी. पुढे जन्म-मृत्यूच्या तारखा. किती साधी गोष्ट आहे, पण तारखा दिल्या की दोन माणसं एकमेकांपासून सुटी होतात. गंमत अशी की हा कोश उभा करणारे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनाच लोक महादेवशास्त्री जोशींशी मिसळतात. दोघे शास्त्री, दोघे जोशी, दोघे कोशकार. विश्वकोश वाईच्या लक्ष्मणशास्त्र्यांचा, भारतीय संस्कृतिकोश गोव्यातून आलेल्या महादेवशास्त्र्यांचा. एकाने आयुष्यभर तर्काला धार लावली, दुसऱ्याने कथाही लिहिल्या आणि देवदेवता, व्रतं, क्षेत्रं यांच्या कहाण्या जमवल्या. हे एकदा ध्यानात घेतलं की चूक व्हायचं कारण उरत नाही. आमच्याकडे दोन्ही कोश आहेत, आणि मी ते मुद्दाम वेगवेगळ्या कपाटांत ठेवले आहेत.

मिरजेत एक आडनाव आहे, जे कुठल्या गावावरून आलं नाही आणि कुणी बहालही केलं नाही. सतारमेकर. दर्ग्याच्या बाजूला त्या गल्लीत जा, एकामागून एक दुकानांवर तेच आडनाव दिसेल. आत भोपळे सुकत टांगलेले, जमिनीवर लाकडाचा भुसा, एखादा कारागीर जव्हारीवर सूत सरकवून तार छेडतो आहे आणि मान तिरकी करून ऐकतो आहे. ही मंडळी मूळची शिकलगार. तलवारी-भाल्यांना धार आणि चकाकी देणं हे त्यांचं काम. शस्त्रांचा काळ सरला तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी सतारी आणि तंबोरे बनवायला घेतले. हात तोच राहिला, काम बदललं, नाव बदललं. आज देशातल्या मोठमोठ्या गवयांच्या मागे वाजणारा तंबोरा याच गल्लीतून गेलेला असतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे आता दुसऱ्या कुणाला मिरजेचं नाव लावून वाद्य विकता येणार नाही. गावाच्या नावाला कायद्याचं कुंपण मिळालं, हे फार चांगलं झालं.

पण गल्लीतल्या सगळ्या पाट्यांवर एकच आडनाव आहे, आणि मैफलीत गायकाचं नाव घेतलं जातं, तबल्याचं घेतलं जातं, तंबोऱ्यावर मागे बसलेल्या शिष्याचंही घेतात. तंबोरा कुणी केला ते कुणी विचारत नाही. फार तर ‘मिरजेचा आहे’ म्हणतात. माझं म्हणणं एवढंच आहे की वाद्यावर गावाबरोबर कारागिराचं नाव यावं, त्याच्या बापाच्या नावासकट, पूर्ण अक्षरांत, आणि मैफलीच्या पत्रिकेतही ते छापलं जावं. आमच्या वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमाची पत्रिका या वर्षी माझ्याकडे आहे. गाण्यासाठी दोन तंबोरे मिरजेहून येणार आहेत. ते कुणी बनवले हे विचारायला मी बुधवारी गल्लीत जाणार आहे.